रस्ता, पथकर आणि थांबा: वर्धा परिसरातील चौरस्त्याच्या घडणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे), पिपरी (मेघे) व सावंगी (मेघे) ही वर्धा शहराला लागून असलेली गावे आज शहराची उपनगरे म्हणूनच ओळखली जातात. बोरगावातील माणूस बाजाराला, कचेरीला अथवा गाडी धरावयास वर्ध्याला जातो, यात आता कोणाला काही विशेष वाटत नाही. परंतु १८६६ पूर्वी 'वर्ध्याला जाणे' याचा अर्थ वर्धा नदीवर जाणे एवढाच होता. त्या नावाचे शहर अस्तित्वातच नव्हते. आज जेथे शहर उभे आहे तेथे पालकवाडी नावाची एक लहानशी वस्ती होती. भोवतालची गावे जुनी, आणि ज्याच्या नावाने ती आज ओळखली जातात ते शहर मात्र नवे, असा हा उलटा क्रम आहे.

चौरस्ता ही भूगोलाची देणगी आहे, असे सामान्यतः समजले जाते. दोन वाटा जेथे एकमेकींना छेदतात तेथे माणसे थांबतात, जेथे थांबतात तेथे दुकान उघडते आणि दुकानाभोवती गाव वाढते, अशी ही सरळ कल्पना आहे. वर्धा परिसराचा इतिहास या कल्पनेला पुरेसा आधार देत नाही. येथे वाटा पुष्कळ होत्या, उतार पुष्कळ होते, बाजारही होते. तथापि त्यांपैकी कोणता बिंदू चौरस्ता ठरावा हे वेळोवेळी घेतल्या गेलेल्या निर्णयांनी ठरविले. वाहतूक कोठे थांबवावयाची, कर कोठे घ्यावयाचा आणि गाडी कोठे उभी करावयाची, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर गावांची भरभराट व उतरण अवलंबून राहिली. प्रस्तुत निबंधात नागपूर राज्याच्या विलीनीकरणापासून अलीकडच्या द्रुतगती महामार्गापर्यंतचा हा प्रवास थांब्याच्या दृष्टिकोनातून तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

नदी, उतार आणि पडाव

वर्धा नदी सातपुड्यात मुलताईच्या परिसरात उगम पावते व जिल्ह्याच्या सीमेवरून वाहत जाऊन पुढे वैनगंगेला मिळते. या संगमानंतरचा प्रवाह प्राणहिता म्हणून ओळखला जातो. नदीच्या पश्चिमेस वऱ्हाड व पूर्वेस नागपूरचा मुलूख अशी दीर्घकाळची विभागणी होती. धाम, बोर, यशोदा व वणा या नद्यांनी जिल्ह्याचा अंतर्भाग विभागलेला आहे. त्यामुळे पूर्वपश्चिम जाणाऱ्या कोणत्याही वाटेला नदी ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. पूल नसलेल्या काळात रस्त्याची दिशा डोंगराने नव्हे तर उताराने ठरत असे. जेथे पात्र रुंद, तळ घट्ट व पाणी गुडघाभर, तेथे वाट. धाम नदीकाठचे पवनार हे याचे जुने उदाहरण होय. वा. वि. मिराशी यांनी वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार असे मत मांडले होते. पुढे मनसर येथील उत्खननानंतर या मतावर पुनर्विचार झाला. तथापि पवनारचे प्राचीनत्व आणि नदी ओलांडण्याचे ठिकाण म्हणून त्याचे महत्त्व वादातीत आहे.

या मार्गांवरील मुख्य वाहन बैलगाडी नसून लादलेला बैल हे होते. बंजारा तांडे मीठ आत आणीत व धान्य, कापूस बाहेर नेत. बैलाच्या पाठीवरचा माल कोणत्याही पांदणीने जाऊ शकतो. त्याला खडीचा रस्ता लागत नाही, परंतु दररोज पाणी, चारा व उतरण्यास मोकळी जागा लागते. म्हणूनच जुन्या मार्गांचा इतिहास हा रस्त्यांपेक्षा पडावांचा इतिहास आहे. वऱ्हाड व नागपूरकडील कापूस एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. १८२५-२६ मध्ये पेस्तनजी मेहरजी यांच्या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस प्रथमच मोठ्या प्रमाणावर मुंबईस पाठविला. त्या खेपेस ५०० बैलांवर सुमारे १,२०,००० पौंड माल होता, म्हणजे एका बैलावर सुमारे २४० पौंड. शेकडो मैलांच्या या वाटेवर दर मुक्कामाला ५०० बैलांच्या वैरणपाण्याची सोय लागली असेल, हे लक्षात घेतले म्हणजे पडावाच्या गावांना अशा वाहतुकीतून काय मिळत होते याची कल्पना येते.

उत्तर-दक्षिण दिशेने मिर्झापूर, जबलपूर, नागपूर, हिंगणघाट, हैदराबाद असा दख्खनचा मोठा मार्ग जात होता. आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४ जिल्ह्यात स्थूलमानाने त्याच दिशेने जातो. वणेकाठचे हिंगणघाट हे या मार्गावरील कापसाचे मोठे पेठगाव होते आणि तेथील कापसाचे नाव परदेशी बाजारातही परिचित होते. नागपूरहून पश्चिमेस वऱ्हाडात जाणाऱ्या वाटा वेगळ्या होत्या. जिल्ह्याच्या मध्यभागात या दोहोंना एकत्र आणणारे एकच निर्विवाद ठिकाण नव्हते. देवळी, हिंगणघाट, आर्वी ही प्रत्येक आपापल्या टापूची केंद्रे होती.

सायर ते पथकर

प्रवाशाला थांबविणारी दुसरी गोष्ट म्हणजे कर. भोसल्यांच्या राज्यात मालाच्या ये-जा वर 'सायर' घेतला जाई. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्या १८२७ च्या अहवालात राज्याच्या उत्पन्नाचे हे अंग नोंदविलेले आहे. जकातीची ही पद्धत केवळ नागपूरपुरती मर्यादित नव्हती. मराठी मुलखात ती सर्वत्र होती आणि कंपनी सरकारनेही ती काही काळ चालू ठेवली होती. चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी १८३४ मध्ये बंगालमधील अंतर्गत जकातींवर टीका करणारा अहवाल सादर केला व त्यानंतर १८३६ मध्ये तेथील वाहतूक जकाती रद्द झाल्या. अन्य इलाख्यांतही पुढील काही वर्षांत हेच घडले.

जकात व पथकर यांतील भेद येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. जकात ही मालावर असते. मार्ग कसाही असो, मुलखातून माल नेल्याबद्दल ती द्यावी लागते. पथकर हा मार्गावर असतो. राज्याने रस्ता वा पूल बांधला अथवा दुरुस्त केला, म्हणून तो वापरणाऱ्याने त्याचा मोबदला द्यावा, अशी त्यामागील भूमिका आहे. जकातीत राज्याचा अधिकार आहे, तर पथकरात, निदान तत्त्वतः, राज्याचे वचनही आहे.

महाराष्ट्रात या दुसऱ्या कल्पनेचे ठळक उदाहरण बोरघाट होय. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १९ जानेवारी १८३० रोजी काम सुरू होऊन १० नोव्हेंबर १८३० रोजी हा घाट गाड्यांसाठी खुला करण्यात आला. त्यापूर्वी देशावरून कोकणात उतरणारा माल बैलांच्या पाठीवरून जात असे व पालख्या हमालांच्या खांद्यावरून चढत. गाडीरस्ता झाल्यावर तेथे पथकर बसविण्यात आला व त्याची वसुली मक्त्याने देण्यात आली. घाटमाथ्यावरील खंडाळा हे थांब्याचे गाव म्हणून पुढे आले. १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली, तेव्हा मालवाहतुकीचा मोठा भाग लोहमार्गाकडे वळला. रस्ता, नाका, थांबा व शेवटी रेल्वे हा जो क्रम बोरघाटात तीन दशकांत दिसला, तोच पुढे वर्धा परिसरात अधिक वेगाने व अधिक गुंतागुंतीच्या स्वरूपात घडला.

कंपनी सरकारने १८५१ चा आठवा कायदा करून सार्वजनिक रस्ते व पुलांवर पथकर घेण्यास कायद्याचे अधिष्ठान दिले. हा कायदा पुढे मध्य प्रांतातही अमलात राहिला. शेजारच्या मध्य प्रदेशात पथकराच्या अधिसूचना अलीकडच्या काळातही याच कायद्यान्वये निघत आल्या आहेत, यावरून त्याचे दीर्घायुष्य दिसून येते. कायदा आठ कलमांचा व छोटा आहे. परंतु त्यातील तीन तरतुदी इतिहासाच्या दृष्टीने बोलक्या आहेत. पहिली, सरकारी खर्चाने केलेल्या वा दुरुस्त केलेल्या मार्गावरच पथकर बसविता येईल. दुसरी, नाक्याजवळ ठळक जागी दरांचा तक्ता इंग्रजीत व जिल्ह्याच्या देशी भाषेत लावावा आणि बेकायदा वसुलीबद्दलची शिक्षाही त्यात नमूद असावी. तिसरी, वसुलीतून खर्च वजा जाता उरणारी रक्कम रस्ते व पूल यांच्या बांधकामावर व दुरुस्तीवरच खर्च व्हावी. त्याचबरोबर पथकर न दिल्यास गाडी वा जनावर अडकवून ठेवण्याचा व अखेर विकण्याचा अधिकारही वसुली करणाऱ्यास होता. सरकारी सामान व कामावरील पोलीस यांना मात्र माफी होती. म्हणजे एकाच कायद्यात गाडीवानाला तक्ता वाचण्याचा हक्क आणि त्याच्या बैलावर टाच आणण्याची सोय, अशा दोन्ही गोष्टी होत्या. अक्षरओळख नसलेल्या गाडीवानाला यांपैकी कोणती अधिक परिचयाची झाली असेल, हे सांगावयास नको.

नदीवरील नावांच्या बाबतीत १८७८ चा उत्तर हिंदुस्थानचा नावाड्यांचा कायदा मध्य प्रांताला लागू होता. सार्वजनिक उतारावरील नावेचे उत्पन्न लिलावाने मक्त्याने देण्याची तरतूद त्यात होती. अशा रीतीने उतार हा निसर्गाचा राहिला, परंतु तो ओलांडण्याचा हक्क मक्त्याचा झाला.

कवठ्याहून पालकवाडीस

तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या निधनानंतर १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली व १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा करून वर्धा जिल्हा स्थापण्यात आला. जिल्ह्याला नाव नदीचे मिळाले, कारण नाव देण्याजोगे मध्यवर्ती शहर त्यात नव्हते. प्रारंभी जिल्ह्याचे ठाणे पुलगावजवळील कवठा येथे होते. वर्धा नदीच्या सान्निध्यातील हे ठिकाण जुन्या व्यवस्थेला साजेसे होते. सीमा, उतार व वऱ्हाडची वाट या तिन्ही गोष्टी तेथून जवळ होत्या.

१८६६ मध्ये ठाणे पालकवाडीच्या जागेवर हलविण्यात आले व रुंद, सरळ रस्त्यांचे नवे शहर आखण्यात आले. त्याला नदीचे व जिल्ह्याचेच नाव देण्यात आले. वर्षभरातच, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून येणारा फाटा नागपूरला पोहोचला. या दोन घटनांतील सान्निध्य योगायोगाचे नाही. लोहमार्ग कोठून जाणार हे ठरल्यावर ठाणे त्याच्या काठी आणण्यात आले. रस्ते आधी व चौरस्ता नंतर, असे येथे घडले नाही. आधी चौरस्त्याची जागा ठरली, आणि मग देवळी, आर्वी, हिंगणघाट व नागपूरकडील वाटांची तोंडे त्या जागेकडे वळविण्यात आली.

पालकवाडी निवडली गेली नसती तर काय झाले असते, असा प्रश्न इतिहासात विचारू नये असे म्हणतात. परंतु कवठ्याकडे पाहिले असता त्याचे उत्तर आपोआप समोर येते. चार वर्षे जिल्ह्याचे ठाणे असलेले हे गाव पुन्हा गावच राहिले. नदीवरील रेल्वेपुलाशेजारी वाढलेल्या वस्तीने मात्र पूल हा शब्दच आपल्या नावात घेतला. पुलगाव हे नाव म्हणजे उताराचा काळ संपून पुलाचा काळ सुरू झाल्याची नोंद होय. तसेच जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावे आहेत. त्यांतील भेद 'सिंदी (रेल्वे)' व 'सिंदी (मेघे)' असा केला जातो. गावाच्या नावाला स्थानकाची ओळख जोडली जावी, इतका हा बदल खोलवर गेला.

कापूस, बंडी आणि स्थानक

नव्या चौरस्त्याला बळ मिळाले ते कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपल्यावर भाव उतरले. तथापि मध्य हिंदुस्थानातील कापूस बंदरापर्यंत जलद व स्वच्छ पोहोचावा ही मँचेस्टरची मागणी कायम राहिली. १८६६ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी कापूस आयुक्त नेमण्यात आले. त्या पदावर आलेल्या हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनीच वर्धा जिल्ह्याच्या जमाबंदीचेही काम पाहिले होते. जमीन, कापूस व वाहतूक हे तीन विषय शासनाच्या दृष्टीने एकच झाले होते, हे यावरून स्पष्ट होते. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले, तेही याच धोरणाचा भाग होते.

रेल्वेमुळे बैलगाडी संपली, हा समज मात्र दुरुस्त करावयास हवा. दूरच्या पल्ल्याचा लादलेला बैल व त्याच्याबरोबर बंजाऱ्यांचा पिढीजात व्यवसाय नाहीसा होत गेला. परंतु शेतापासून स्थानकापर्यंत बंडीची गरज उलट वाढली. पूर्वी खेड्यातील कापूस तांड्याच्या वाटेवर विकला जाई. आता तो जीनपर्यंत आणून द्यावा लागे. काळ्या कसदार जमिनीतून पावसाळ्यात बंडी चालत नाही. चाके आसापर्यंत रुततात. म्हणून स्थानकाला जोडणारे मुरमाचे व खडीचे रस्ते आवश्यक ठरले. भरलेली बंडी दिवसाकाठी साधारण दहा-बारा मैलांचा पल्ला गाठते. त्यामुळे स्थानकापासून एका दिवसाच्या अंतरावर असलेली गावे बाजाराच्या आत आली व त्यापलीकडची बाहेर राहिली. वर्ध्यालगतच्या बोरगावसारख्या गावांची बंडी सकाळी निघून संध्याकाळी परतू शकत होती. त्यांना मुक्कामाची गरज उरली नाही, आणि म्हणूनच ती स्वतःही कोणाचा मुक्काम राहिली नाहीत.

१८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याकडे कोळशासाठी फाटा काढण्यात आला आणि वर्धा हे जंक्शन झाले. १९२९ मध्ये बल्लारशाह ते काझीपेठ हा दुवा पूर्ण झाल्यावर दिल्ली-मद्रास लोहमार्ग या फाट्यावरून जाऊ लागला. मुंबई-नागपूर व दिल्ली-मद्रास या दोन्ही मार्गांचे एकत्र येणे ही वर्ध्याच्या चौरस्त्याची पूर्णावस्था होय. १९०१ च्या जनगणनेत वर्ध्याची लोकसंख्या सुमारे ९,९०० तर हिंगणघाटची सुमारे १२,७०० होती. पस्तीस वर्षांपूर्वी नकाशावर नसलेले शहर जुन्या पेठेच्या जवळपास येऊन पोहोचले होते.

देवळीची कथा याच्या उलट आहे. वर्ध्यापासून सुमारे १८ किलोमीटरवरील ही जुनी पेठ. परंतु १८६७ चा लोहमार्ग तिला वळसा घालून गेला. तेथील व्यापार बंद पडला नाही. मात्र देवळीच्या व्यापाऱ्याला माल बाहेर पाठविण्यासाठी वर्ध्याचा वा पुलगावचा रस्ता धरावा लागला. जे गाव स्वतः थांबा होते ते दुसऱ्या थांब्याचे गिऱ्हाईक झाले.

थांब्याचा लाभ आणि भार

थांब्याच्या गावाला केवळ लाभच होत असे, असे चित्र रंगविणे एकांगी ठरेल. पडावावर सरकारी दौरा उतरला की रसद पुरविणे, सामान वाहण्यासाठी माणसे देणे व गाड्या जुंपणे ही कामे गावाकडे येत. बिगारीचा हा भार मालगुजारापेक्षा कोतवाल, महार व भूमिहीन कुळे यांच्यावर अधिक पडे. रस्त्याकाठी असणे म्हणजे बाजार जवळ असणे, तसेच अंमलदारही जवळ असणे. दुकानदार, सराईवाला व मक्तेदार यांच्यासाठी थांबा ही संधी होती. ज्याच्याजवळ विकण्यास श्रमाखेरीज काही नव्हते त्याच्यासाठी ती संधी व सक्ती दोन्ही होती.

नागपूरच्या मुलखात भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली 'पांढरी' ही शेती न करणाऱ्या वर्गावरील पट्टीही ब्रिटिशांनी दीर्घकाळ चालू ठेवली होती. विणकर, तेली व किरकोळ व्यापारी यांच्यावरील ही पट्टी विसाव्या शतकाच्या आरंभी रद्द झाली. थांब्याच्या गावातील लहान कारागीर हा अशा प्रकारे वाटेवरच्या व घरातल्या अशा दोन्ही करांच्या कक्षेत होता. पथकराचा विचार करताना केवळ नाक्यावरील दराकडे न पाहता त्या दराभोवतीच्या या संपूर्ण भाराकडे पाहावे लागते.

चौरस्त्याचा दुसरा अर्थ

कापसासाठी आखलेल्या या चौरस्त्याला विसाव्या शतकात वेगळाच अर्थ प्राप्त झाला. जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये विनोबा भावे वर्ध्याला आले. १९३४ मध्ये महात्मा गांधींनी वर्धा हे आपल्या कार्याचे केंद्र केले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते जवळच्या सेगावात राहावयास गेले. देशाच्या मध्यभागी असणे व चारही दिशांच्या गाड्या येथे मिळणे ही सोय राष्ट्रीय नेत्यांच्या बैठकांना उपयुक्त ठरली. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने 'भारत छोडो'चा ठराव वर्ध्यातच केला. ज्या जंक्शनने साम्राज्याचा कापूस व कोळसा वाहिला, त्याच जंक्शनने साम्राज्याविरुद्धचे कार्यकर्तेही आणले.

सेगावच्या नावाचा प्रसंगही चौरस्त्याच्याच इतिहासात मोडतो. गांधीजींची पत्रे वऱ्हाडातील शेगावला जात, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले. ज्या गावाला पूर्वी बाहेरून पत्रे येण्याचे कारण नव्हते, त्याला देशभरातून एवढी टपाल येऊ लागली की जुने नाव पुरेना. येथे थांबा निर्माण केला तो नाक्याने वा स्थानकाने नव्हे, तर एका माणसाच्या वास्तव्याने. निर्णयाने चौरस्ता घडतो या विधानाला हे उदाहरण अपवाद नसून पुष्टी देणारे आहे. मात्र हा निर्णय सरकारचा नव्हता.

जुने नाके, नवे नाके

स्वातंत्र्योत्तर काळात मोटारवाहतूक वाढली व रस्त्यांना पुन्हा महत्त्व आले. दख्खनच्या जुन्या मार्गावर चंद्रपूरचा फाटा जेथे फुटतो ते जाम, अमरावती मार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) व कारंजा (घाडगे) ही गावे ट्रक व एस.टी. यांच्या थांब्यांमुळे ओळखली जाऊ लागली. शहरांच्या वेशीवर जकात नाके होते. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली व १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही संपली. भोसल्यांच्या सायरशी नाते सांगणारा मालावरील कर अशा प्रकारे रस्त्यावरून हटला.

त्याच सुमारास पथकर मात्र नव्या रूपात परतला. १९९० च्या दशकात खासगी भांडवलातून रस्ते बांधून ठरावीक मुदतीत पथकराद्वारे खर्च वसूल करण्याची पद्धत रूढ झाली. लोकांतील असंतोषानंतर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये १२ नाके बंद केले व आणखी ५३ नाक्यांवर मोटारी व एस.टी. गाड्यांना सूट दिली. २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. नाका राहिला, पण तेथे थांबणे संपत चालले.

हा बदल वरवर तांत्रिक वाटला तरी तो मूलगामी आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा पहिला टप्पा खुला झालेला व ५ जून २०२५ रोजी पूर्ण झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. वर्ध्यासाठी त्यावर येळाकेळी येथे प्रवेश-निर्गमनाची सोय आहे. आरंभी हलक्या वाहनांसाठी किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे असा दर होता. ज्याने जितके अंतर कापले तितका पथकर, ही पद्धत १८५१ च्या नाक्यापेक्षा निश्चितच न्याय्य आहे. परंतु कुंपणाने वेढलेल्या या मार्गाला चौरस्ता नाही. जेथून तो जातो त्या गावाला त्यावर पाय ठेवता येत नाही. जुना रस्ता दर बारा मैलांवर एका गावाला काही ना काही देत असे, लोहमार्ग दर स्थानकाला देत असे, द्रुतगती मार्ग केवळ त्याच्या दारांना देतो. पवनारहून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत नेण्याच्या शक्तिपीठ महामार्गाच्या प्रस्तावाचा विचारही याच संदर्भात व्हावयास हवा. धामेच्या उतारावरचे प्राचीन गाव पुन्हा एका महामार्गाचा आरंभबिंदू ठरत असताना वाटेतील गावांच्या पदरी त्यातून काय येणार, हा जुनाच प्रश्न नव्याने उभा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, वर्धा हा चौरस्ता निसर्गाने दिलेला नसून १८६६-६७ च्या प्रशासकीय व रेल्वेविषयक निर्णयांनी घडविलेला आहे. कवठा व देवळी यांची स्थिती त्याची साक्ष देते. दुसरा, वाहतुकीचे प्रत्येक नवे साधन वेग वाढविते तेव्हा थांब्यांची संख्या कमी करते. त्यामुळे लाभ कमी ठिकाणी एकवटतो व भार मात्र पसरलेलाच राहतो, कारण जमीन सर्व गावांची जाते. तिसरा, १८५१ च्या कायद्यातील दोन तत्त्वे, दर सर्वांना वाचता यावेत व पैसा रस्त्यालाच परत जावा, ही आजही पथकराच्या न्याय्यतेची कसोटी म्हणून उपयोगी पडतात.

बोरगाव (मेघे) सारख्या गावाचा इतिहास शहराच्या इतिहासाची तळटीप म्हणून लिहिला जातो. वस्तुतः शहर येण्यापूर्वीच्या वाटा, पांदणी, पाणवठे व पडाव यांची स्मृती अशाच गावांतून शिल्लक आहे. ग्रामनोंदी, जमाबंदीचे नकाशे व वृद्धांच्या आठवणी यांच्या आधारे ती संकलित करणे हे स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज शक्य असलेले कार्य आहे. हे काम तातडीचेही आहे, कारण शहराच्या वाढीबरोबर पांदणींवर वसाहती उभ्या राहत आहेत.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाच्या वर्धा ते कळंब या टप्प्यावर गाडी सुरू झाली आणि ती देवळीला थांबू लागली. १८६७ मध्ये वळसा घालून गेलेली आगगाडी देवळीला येण्यास १५७ वर्षे लागली. थांबा ठरविणारा एक निर्णय किती पिढ्यांना पुरतो, याचे याहून स्पष्ट मोजमाप दुसरे नाही.